अठ्ठेचाळीस किलोंवरचे दोनशे ग्रॅम

दोन घोट पाणी प्यायल्याने माणसाचे वजन तीनशे ग्रॅमने वाढू शकते का?

हा प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी पडायला हवा होता. तेव्हा तो पडला नाही, कारण त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी माझी पक्की समजूत होती. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मी चौतीस वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले. असा प्रश्न मी सातवीच्या चाचणीत घातला असता आणि उत्तरासाठी दोन गुण ठेवले असते. आता निवृत्तीनंतर तोच प्रश्न मी स्वतःला घातला आहे आणि या लेखात तो पायरीपायरीने सोडवणार आहे. उत्तर मिळते. त्याने कोणाचे भले होते असे मात्र मला म्हणता येत नाही.

आधी माझ्या कामाविषयी सांगते. शाळेव्यतिरिक्त, बावीस वर्षे मी ज्युदोच्या स्पर्धांमध्ये मुलींची वजने घेण्याचे काम केले. आमच्या शाळेत ज्युदोचा वर्ग सुरू झाला, तेव्हा मुलींबरोबर एक शिक्षिका असावी असे ठरले. बाकीच्या शिक्षिकांना घरी लहान मुले होती म्हणून मला पाठवण्यात आले. तेव्हा मी एकतिसाव्या वर्षात होते. ज्युदोत पहिले काही महिने फक्त पडायला शिकवतात. मी पडायला शिकले आणि मग खेळ आवडला म्हणून टिकले. गुडघ्याने नकार दिल्यावर मॅटवरून उठून काट्यामागच्या खुर्चीवर बसले.

ज्युदोत सारख्या वजनाची मुले एकमेकांशी लढतात. अठरा वर्षांखालच्या मुलींचे गट चाळीस किलो, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, बावन्न असे चढत जातात. अठ्ठेचाळीसचा गट म्हणजे काट्यावर ४८.०० पर्यंतचा आकडा. ४८.०५ आला तर ती मुलगी उद्या खेळत नाही. वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. त्याआधी तासभर सरावाचा काटा खुला असतो. त्यावर कोणीही कितीही वेळा उभे राहावे. आकडा जास्त आला तर पळावे, घाम काढावा, पुन्हा यावे. नंतर अर्धा तास अधिकृत काटा चालतो. त्यावर प्रत्येकीला एकदाच उभे राहता येते. मुलींच्या खोलीत फक्त स्त्रिया असतात, दार बंद असते आणि आकडा मोठ्याने वाचून लिहिला जातो.

हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात त्या खोलीत येणाऱ्या मुली दोन दिवस नीट जेवलेल्या नसतात. कित्येकींनी सकाळपासून पाणी घेतलेले नसते. ओठांना भेगा पडलेल्या असतात. एका मुलीने पन्नास ग्रॅमसाठी माझ्यासमोर वेणी कापली. कात्री मीच दिली होती. वेणीमुळे वजन बसले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच लढतीत ती चाळीस सेकंदांत हरली आणि कापलेल्या केसांवरून हात फिरवत बाकावर बसून राहिली. दुसरी एक आई दाराच्या फटीतून म्हणाली होती, "बाई, काल एकादशी होती, तेवढं धरा ना." एकादशीला मुलीने दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, हे तिनेच पुढच्या वाक्यात सांगून टाकले. एका मुलीच्या गळ्यातला ताईत काढायचा नाही, अशी घरून सक्त ताकीद होती. तिच्या व्यवस्थापिकेने तो दोरा सैल करून, मुलीच्या अंगाला न लागेल असा, आकडा स्थिरावेपर्यंत दोन्ही हातांनी तिच्या गळ्याभोवती अधांतरी धरून ठेवला. नियमात हे बसते का, हे कुठेच लिहिलेले नव्हते. मी आकडा लिहून घेतला.

अशा प्रसंगांवर आम्ही नंतर हसत असू. मला माझ्या कामाचा अभिमान होता, हेही नमूद करते. माझ्या काट्याविरुद्ध बावीस वर्षांत एकही तक्रार टिकली नाही.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा सुरू होताना, अंधेरीच्या एका क्रीडासंकुलात कुमारांची आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धा भरली. परदेशातून मुले-मुली आली होती. अशा स्पर्धेत यजमान देशाला एका गटात एकाहून अधिक मुली उतरवता येतात. त्यामुळे बोरिवलीच्या सायलीला अठ्ठेचाळीसच्या गटात दुसरी जागा मिळाली. ती सतरा वर्षांची होती आणि वर्ष संपल्यावर या वयोगटातून बाहेर पडणार होती. तिचा प्रशिक्षक नितीन हा माझा जुना विद्यार्थी. नववी ब, दुसरा बाक. तो बोरिवलीत एका शाळेच्या सभागृहात वर्ग चालवतो.

"बाई, टेन्शन नाय," तो मला वजनाच्या दिवशी सकाळी म्हणाला होता. "पोरगी एकदम झकास तयारीत आहे. फक्त तिच्या बाबांचं जरा लफडं आहे."

"म्हणजे?"

"ते म्हणतात, इथे एक तरी कुस्ती मारली तर पुढे खेळ. नायतर बारावीनंतर लॅबचा कोर्स आणि ज्युदो बंद. ज्युदोला ते कुस्तीच म्हणतात."

म्हणजे सायलीला पुढे खेळता येण्यासाठी एक लढत जिंकायची होती आणि त्या लढतीसाठी आधी वजनात बसायचे होते. एवढेच पणाला लागले होते, आणि सतरा वर्षांच्या मुलीसाठी ते पुष्कळ होते.

सकाळी नऊ वाजता मी दोन्ही काटे तपासले. प्रमाणित वजने ठेवून अधिकृत काटा पाहिला, मग सरावाचा. दोन्ही फरशीवर होते आणि दोन्ही अचूक होते. तेवढ्यात आयोजकांपैकी कोणी अधिकृत काट्याला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि वर नारळ ठेवला. काट्याने सहाशे पन्नास ग्रॅम दाखवले. मी नारळ उचलला, हार काढला, काटा कोरड्या कापडाने पुसला आणि पुन्हा शून्य पाहिले. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, देवाचं आहे, राहू द्या की." मी म्हणाले, "झेंडूलाही वजन असते." ते हसले. माझ्या काटेकोरपणाचे मला स्वतःलाच कौतुक वाटले.

दुपारी तीन वाजता सरावाच्या काट्यापाशी मुलींची ये-जा सुरू झाली. तो काटा कपडे बदलण्याच्या खोलीबाहेरच्या बोळात होता. काही मुली गरम पाण्याखाली उभ्या राहून घाम काढत होत्या आणि ओल्या पायांनी येत होत्या. फरशी नुकतीच फिनेलने पुसलेली होती. आता ज्युदोचा एक संस्कार सांगायला हवा. ज्युदो खेळणारा अनवाणी पायाने मॅटबाहेरच्या जमिनीवर पाऊल ठेवत नाही. मॅटच्या काठाशी सपाता काढलेल्या असतात; उतरले की पाय सपातेत, चढले की पाय मॅटवर. पायाची घाण मॅटवर जाऊ नये आणि दुसऱ्याचे तोंड जिथे घासणार ती जागा स्वच्छ राहावी, असा त्यामागचा विचार आहे. हे आमच्या अंगात इतके भिनलेले असते की अनवाणी मूल ओल्या फरशीवर उभे दिसले की आमचा हात आपोआप मॅटकडे जातो. कोपऱ्यात एक जादा तुकडा उभा करून ठेवला होता. मी तो आणला, बोळात आडवा टाकला आणि सरावाचा काटा उचलून त्यावर मधोमध ठेवला. मुली मॅटवर उभ्या राहून काट्यावर चढू लागल्या. मला बरे वाटले.

एका परदेशी संघाची प्रशिक्षिका आली, पन्नाशीची, आखूड केसांची. तिने आपल्या मुलीला काट्यावर उभे केले, आकडा पाहिला आणि स्वतःच्या पिशवीतला छोटा काटा काढून मुलीला त्यावर, फरशीवर, पुन्हा उभे केले. मग ती माझ्याकडे वळली. तिने पायाच्या अंगठ्याने मॅट दाबून दाखवली, हाताचा तळवा खाली खाली नेला आणि आपल्या भाषेत काही बोलली. मॅट मऊ आहे, छान सोय केलीत, असे ती म्हणते आहे असा मी अर्थ लावला. हात जोडून मी म्हणाले, "थँक यू." ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि निघून गेली.

साडेतीनच्या सुमारास सायली घामाच्या जाड सूटमध्ये पळून आली. सूट काढून काट्यावर चढली. आकडा ४७.९० आला.

"बाई! बसलं!" तिने माझा हात धरला. तिची बोटे गार होती.

"आता शांत बस," मी म्हणाले. "अर्ध्या तासाने आत ये."

तिने पळणे थांबवले. भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. काही वेळाने उठून नळाकडे गेल्याचे मी पाहिले होते. चारनंतर अधिकृत काट्यावर तिची पाळी आली. आकडा थरथरला आणि थांबला. ४८.२०.

माझ्या शेजारी नोंद करणाऱ्या बाईंनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. मी आकडा मोठ्याने वाचला. सायली काट्यावरून उतरेना. "बाई, आत्ता सत्तेचाळीस नऊ होतं ना," ती म्हणाली. "तुम्हीच बघितलंत." एकदाच उभे राहता येते, हे मी तिला सांगितले. तिला ते ठाऊकच होते.

बाहेर नितीन उभा होता. तिचे वडीलही आले होते. ते अंधेरीतच एका कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षक आहेत, मूळचे मालवणकडचे. ड्यूटीवरून गणवेशातच आले होते आणि वजनानंतर पोरीने जेवावे म्हणून डब्यात भात आणि कुळथाची पिठी आणली होती.

"काय केलंस काय तू?" नितीन तिच्यावर ओरडला. "सत्तेचाळीस नव्वदवर होतीस ना? वाट लावलीस सगळ्याची!"

"सर, मी फक्त दोन घोट पाणी प्याले. तोंड सुकलं होतं."

"दोन घोट? तीनशे ग्रॅम वाढलं, सायली!"

"आईशप्पत, दोनच घोट."

वडील माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. दोन घोटांनी एवढं वाढतं काय?"

इथे मी जे बोलले ते शब्दशः लिहिते, कारण ते मला शब्दशः आठवते. मी म्हणाले, "एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम. तीनशे ग्रॅम म्हणजे मोठा पेला काठोकाठ भरून पाणी. सायली, तहान लागली होती हे मी समजू शकते. पण काटा खोटं बोलत नाही, बाळ."

वडिलांचा चेहरा उतरला. ते तिला हळू आवाजात म्हणाले, "खोटा कित्याक बोलतंस गो? बाई काय खोटा सांगतत?" मग त्यांनी डब्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि ते ड्यूटीवर परत गेले.

दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीसच्या गटात भारताची पहिल्या जागेवरची मुलगी खेळली. लढतीआधी अंग गरम करायला तिला सारख्या वजनाची जोडीदार हवी होती. नितीनने सायलीला उभे केले. बाजूच्या मॅटवर ती मुलगी डाव टाकत होती आणि सायली पडत होती. उठून गी, म्हणजे ज्युदोचा अंगरखा, नीट करत होती, पट्टा आवळत होती, पुन्हा पडत होती. तिचे पडणे अतिशय निर्दोष होते. पडल्यावर मॅटवर हात आपटायचा असतो, तो प्रत्येक वेळी नेमका वेळेवर आपटत होता. मी ते वीस-पंचवीस वेळा ऐकले असेल. मग माझे काम निघाले आणि मी तिथून उठले.

सायलीने ज्युदो सोडल्याचे नितीनने मला फोनवर सांगितले. "खोटं बोलली याचाच राग आहे बाबांना," तो म्हणाला. "हरली असती तर एवढं नसतं झालं."  मनातून मलाही तसेच वाटत होते.

यंदा जानेवारीत मुलुंडच्या एका सभागृहात जिल्हा पातळीवरची छोटी स्पर्धा होती. मी आता काम करत नाही. सत्कारासाठी बोलावले होते. संपूर्ण सभागृहात मॅट अंथरलेली होती आणि एक तरुण अधिकारी मुलांची वजने मॅटवरच ठेवलेल्या काट्यावर घेत होती. काटा जुनाच होता, अंधेरीत सरावासाठी ठेवलेला तोच. कोपऱ्यावर मी चिकटवलेली पट्टी अजून होती. एका मुलाची आई म्हणत होती, "घरी जास्त दाखवतो हो, इथे बरं कमी दाखवतोय." ती तरुण मुलगी म्हणाली, "घरचे काटे असेच असतात, ताई."

मी गमतीने त्यावर उभी राहिले. ६१.४५. सकाळी घरी फरशीवर ६१.८० होते. मी काटा उचलून दाराबाहेरच्या फरशीवर नेला. ६१.७५. परत मॅटवर आणला. ६१.४५. मी चष्मा पुसला आणि पुन्हा उभी राहिले.

सत्कार होऊन गेल्यावर मी व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या मागवल्या. दोन वीस किलोंच्या, एक पाचची, एक अडीचची. एकूण साडेसत्तेचाळीस किलो. त्या काट्यावर रचून दहा वेळा फरशीवर आणि दहा वेळा मॅटवर वजन घेतले आणि वहीत दोन रकान्यांत लिहिले. फरशीवर प्रत्येक वेळी ४७.५०, फक्त दोनदा ४७.५५. मॅटवर ४७.२० ते ४७.३०, बहुतेक वेळा ४७.२५. म्हणजे मॅट पाव किलो खात होती.

कारण साधे आहे. अशा काट्याला खाली चार लहान पाय असतात आणि वजन मोजणारे भाग त्या पायांत असतात. कठीण फरशीवर सगळा भार त्या चार पायांतूनच जातो. मऊ मॅटवर पाय रुततात आणि काट्याचे पोट मॅटला टेकते. थोडा भार पोटातून जातो आणि तो कोणी मोजत नाही. चार जण कपाट उचलत असताना पाचव्याने खालून हळूच हात लावला, तर चौघांना कपाट हलके वाटते. कपाट काही हलके झालेले नसते.

घरी आल्यावर मी घोट मोजला. मोजपात्रात पाणी भरले आणि शेजारची नववीतली मुलगी, तिचा भाऊ आणि मी अशा तिघांनी एकेक घोट घेतला. वीस ते तीस मिलिलिटर. दोन घोटांचे सरासरी पन्नास.

आता मांडणी करा. सरावाच्या काट्यावर ४७.९०. मॅटने खाल्लेले ०.२५. दोन घोट ०.०५. बेरीज ४८.२०. अधिकृत काट्यावरचा आकडा नेमका तेवढाच होता. गणित जुळल्याचा आनंद मी आयुष्यभर मुलांना शिकवला. त्या संध्याकाळी मी वही मिटली आणि दिवा न लावता बसून राहिले.

सायली मॅटवरच्या काट्याने फसली. त्याने ४८.१५ दाखवले असते तर ती आणखी थोडा वेळ पळाली असती. दीडशे ग्रॅम घाम तेवढ्या वेळात निघतो. दुसऱ्या मुलींचे काय झाले, असे कोणी विचारेल. बहुतेकींना तीन-चारशे ग्रॅमची सवड होती आणि परदेशी संघांनी आपापले काटे आणले होते. काठावर ही एकटीच होती. त्या परदेशी बाईने मला मॅट दाबून काय सांगितले होते, तेही मला आत्ता कुठे कळले.

आणखी एक गोष्ट मी टाळणार नाही. काटा फरशीवर असता आणि सायली वजनात बसली असती, तरी त्याआधी ती दोन दिवस नीट न जेवता आणि तहानलेलीच राहिलेली असती. अशा किती मुलींचे आकडे मी समाधानाने लिहून घेतले, ते मी मोजलेले नाही.

आयोजकांना पत्र लिहिले. निकाल अंतिम असतो, असे विनम्र उत्तर आले. नितीनला भेटून वही दाखवली. त्याने ती नीट पाहिली. "बाई, सोडा ना," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. आणि खरं सांगू? मी पण लय बोललो होतो तिला. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी एकटी गेले. सायली आता बोरिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. दुपारच्या सुट्टीत आम्ही लॅबसमोरच्या रसाच्या गाडीपाशी उभ्या राहिलो. मी वही उघडली आणि तिला सगळे क्रमाने सांगितले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मग पाणी किती निघालं माझं?"

"पन्नास ग्रॅम."

"म्हणजे दोन घोट."

"हो. दोन घोट."

तिने वही बंद करून माझ्या हातात दिली. "बाई, तुम्ही लोखंडाच्या प्लेटा मोजल्यात, मॅट मोजलीत, शेजारच्या पोरांचे घोट पण मोजलेत. तेव्हा मला फक्त एकदा विचारायचं होतं ना, पेला कुठे आहे म्हणून. तिथे पेला नव्हताच. मी नळाला ओंजळ लावली होती."

ती चिडून बोलली असती तर मला सोपे गेले असते. ती नमुन्याच्या बाटलीवर नाव लिहावे तसे सरळ बोलत होती. मग म्हणाली, "बाबांना सांगाल? मी सांगितलं तर परत तेच होईल."

त्या रविवारी मी तोच काटा आणि मॅटचा एक तुकडा मागून घेतला आणि रिक्षातून त्यांच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी सगळे समजावले आणि काटा मांडायला खाली वाकले, तर ते घाईने पुढे आले. "बाई, तुम्ही खाली नका बसू ओ. गुडघे दुखतात तुमचे."

"तुम्ही फक्त दोनदा उभे राहा. एकदा लादीवर, एकदा मॅटवर."

"कशाला? तुम्ही सांगितलंत ना, झालं. तेव्हा सांगितलंत, ते आम्ही मानलं. आता सांगताय, तेही मानलं. तुम्ही बाई आहात."

"मी सांगते म्हणून नको. स्वतः बघा."

ते हसले, दोन्ही हात जोडले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सायलीकडे वळून म्हणाले, "बघ गो, बाई किती मोठ्या मनाच्या. तुझ्यासाठी चूक स्वतःवर घेतल्यानी."

सायली चहाचे कप उचलून आत गेली. मी काटा पिशवीत भरत असताना ती पुन्हा बाहेर आली आणि मॅटची गुंडाळी धरायला मला मदत केली. "राहू दे, बाई," एवढेच म्हणाली.

काट्याला आणि बाईंना मान देणाऱ्या घरात त्या मुलीचा शब्द तेव्हा खोटा ठरला आणि आता तो माझा चांगुलपणा ठरला. दोन्ही वेळा माझ्याच सांगण्यावरून. म्हणून हा लेख वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे, आणि ती मी वर्गात सांगत असे तशीच सांगते. घरात बॅटरीवर चालणारा वजनकाटा असेल तर तो आधी उघड्या फरशीवर ठेवून तीनदा उभे राहा आणि आकडे लिहा. मग जाड चटई, दुहेरी घडी घातलेली गोधडी किंवा व्यायामाची मॅट अंथरून त्यावर तोच काटा ठेवा, तीनदा उभे राहा आणि आकडे लिहा. फरक माझ्याइतका येईल, कमी येईल, जास्त येईल. काही काट्यांवर येणारही नाही. जे येईल तेच लिहा. केवळ मी म्हणते म्हणून यातले काहीही मान्य करू नका. कृपा करून स्वतः तपासून पाहा.